घराच्या अलार्मसाठी वायरलेस शॉक सेन्सर बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारांना चुंबकाचे सेन्सर लावून झाले की बहुतेक जण खिडक्यांपाशी अडतात. काच फोडून कोणी आत आलं तर काय, या प्रश्नाचं चांगलं उत्तर म्हणजे शॉक सेन्सर. पण हा सेन्सर जितका कामाचा, तितकाच बसवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो. नीट बसला तर चोर बाहेर असतानाच सायरन वाजतो. घाईने चिकटवला तर रोज मध्यरात्री घर उठवतो, आणि आठवड्याभरात कोणीतरी वैतागून तो झोनच, म्हणजे अलार्ममधला त्या सेन्सरचा विभागच, बंद करून टाकतं. हे सेन्सर बसवताना मला लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि त्यांची मी देतो ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

शॉक सेन्सर नेमकं काय ओळखतो?

चौकटीतून धावणारं कंपन. त्याला माणूस दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, दार उघडलं की बंद आहे हेही कळत नाही. पहारीने झडप उचकटताना, काचेवर दगड बसताना किंवा कुलपाजवळ दणका बसताना लाकडातून, धातूतून जो हादरा जातो, तेवढाच त्याला कळतो.

बऱ्याच सेन्सरमध्ये आत पिझोइलेक्ट्रिक चकती असते. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांच्यात विद्युतभार तयार होतो, हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिलं. ही चकती त्याच तत्त्वावर चालते. अलीकडच्या सेन्सरमध्ये मोबाइलमध्ये असते तशी त्वरणमापक चिप असते. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये संपर्कबिंदूंवर टेकलेलं छोटं वजन असायचं. हादरा बसला की ते क्षणभर उचललं जाऊन सर्किट तुटायचं. आत काहीही असलं तरी एक गोष्ट बदलत नाही: सेन्सरला जे कळतं ते चौकटीमार्फत. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत मी सेन्सरपेक्षा चौकटीबद्दलच जास्त बोलणार आहे.

खिडकीला मॅग्नेटिक सेन्सर आहे, मग हा कशाला?

मॅग्नेटिक सेन्सर झडप चौकटीपासून दूर गेल्यावर बोलतो. ही कल्पना फार जुनी आहे. अमेरिकेत ऑगस्टस रसेल पोप यांनी १८५३ मध्ये ज्या विजेच्या चोर-घंटेचं पेटंट घेतलं, तीही दार-खिडकी उघडल्यावरच वाजायची. पण काच फोडून, झडपेला हात न लावता कोणी आत शिरलं तर चुंबक जागचा हलत नाही, आणि पॅनेलच्या, म्हणजे सगळ्या सेन्सरचं ऐकून सायरन वाजवणाऱ्या मुख्य डबीच्या दृष्टीने खिडकी बंदच राहते.

शिवाय वेळेचा फरक आहे. मॅग्नेटिक सेन्सर वाजतो तेव्हा खिडकी उघडलेली असते. शॉक सेन्सर वाजतो तेव्हा चोराची अजून खटपट चालू असते आणि तो भिंतीच्या पलीकडे असतो. घरात माणसं झोपलेली असताना ही काही सेकंदं फार मोलाची असतात. माझ्या मते शॉक सेन्सर घेण्याचं खरं कारण हेच.

दोन्ही कामं करणारे जोड-सेन्सरही मिळतात: एकाच डबीत शॉक आणि मॅग्नेटिक. उघडणाऱ्या खिडकीसाठी मी तेच सुचवतो.

ग्लास ब्रेक सेन्सर आणि शॉक सेन्सर एकच का?

नाही, पण दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात म्हणून गोंधळ होतो. ग्लास ब्रेक सेन्सरमध्ये मायक्रोफोन असतो. आधी काचेवर बसलेल्या आघाताचा खालच्या पट्टीतला दणका, आणि पाठोपाठ काच विखुरल्याचा वरच्या पट्टीतला खळखळाट, अशी जोडी ऐकली की तो अलार्म देतो. एका खोलीत चार खिडक्या असतील तर छतावर किंवा समोरच्या भिंतीवर लावलेला एकच सेन्सर चारही सांभाळू शकतो, ही त्याची जमेची बाजू.

त्याच्या उणिवा तीन. काच न फोडता झडप उचकटली तर त्याला काहीच ऐकू येत नाही. जाड पडदे आवाज गिळतात. आणि लॅमिनेटेड काच किंवा सुरक्षा-फिल्म लावलेली काच तडकते पण विखुरत नाही, त्यामुळे ज्या खळखळाटाची तो वाट पाहतो तो होतच नाही. अशा काचेला शॉक सेन्सरच बरा. मोठ्या, न उघडणाऱ्या काचा ओळीने असलेल्या खोलीत ग्लास ब्रेक. उचकटता येण्याजोग्या, तळमजल्यावरच्या, आडोशाच्या खिडक्यांना शॉक. मी साधारण अशी वाटणी करतो.

मोशन सेन्सर असताना याची गरज आहे का?

रात्री तुम्ही घरात असता तेव्हा मोशन सेन्सर बंद ठेवावे लागतात, नाहीतर पाणी प्यायला उठलात तरी सायरन. शॉक सेन्सर चालू ठेवून घरभर फिरता येतं. मांजर-कुत्रं असलेल्या घरांतही हीच सोय.

माझ्या पॅनेलला कुठल्याही कंपनीचा सेन्सर चालेल का?

बहुधा नाही. वायरलेस सेन्सर ठरावीक फ्रिक्वेन्सीवर बोलतात: ४३३ मेगाहर्ट्झ अनेक देशांत दिसते, युरोपात ८६८, तर उत्तर अमेरिकेतल्या काही प्रणालींमध्ये ३१९.५ किंवा ३४५. फ्रिक्वेन्सी जुळली म्हणजे काम झालं असंही नाही. संदेश कसा रचायचा, त्यावर कोणतं एन्क्रिप्शन (दुसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून केलेलं कुलूपबंद रूप), हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. पॅनेलच्या मॅन्युअलमध्ये चालणाऱ्या सेन्सरची यादी दिलेली असते. त्या यादीतलाच मॉडेल क्रमांक पाहून घ्या. केवळ डबीचं चित्र सारखं दिसतं म्हणून स्वस्तातला घेऊ नका.

युरोपीय मानकांची भाषा कुठे वाचनात आली तर शॉक डिटेक्टरसाठी ईएन ५०१३१-२-८ हे मानक आहे, आणि त्यात सुरक्षेच्या १ ते ४ श्रेणी आहेत. घरासाठी साधारणपणे श्रेणी २ घेतली जाते.

बसवण्याआधी काय तपासायचं?

हा प्रश्न खरं तर फार कमी जण विचारतात. सगळ्यांनी विचारला असता तर खाली खोट्या अलार्मवर इतकं लिहावं लागलं नसतं.

खिडकी बंद करून कडी लावा आणि तळव्याने झडप हलवून पाहा. खडखडते का? काचेच्या कडेवर बोटाने टकटक करा. काच खोबणीत घट्ट बसली आहे की बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणारी पट्टी, सुटून किंचित नाचते आहे? बिजागरीचे स्क्रू फिरवून पाहा. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये भेग पडली आहे का, तेही बघा.

सैल झडप दोन्हीकडून त्रास देते. वाऱ्याने ती चौकटीवर आपटते आणि सेन्सरला तो दणका वाटतो. उलट खराखुरा आघात झाला तर त्याचं कंपन त्या सैल सांध्यातच जिरून जातं आणि सेन्सरपर्यंत पुरेसं पोचत नाही. म्हणजे जी खिडकी विनाकारण ओरडते, तीच वेळेला गप्प बसते.

सुरुवातीच्या काळात मी एका घरात असाच सैल चौकटीवर सेन्सर लावून आलो होतो. वारा सुटला की अलार्म. मी दोनदा जाऊन संवेदनशीलता कमी केली, आणि तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मुठीने जोरात ठोकूनही सेन्सर हलेना. शेवटी बिजागरीचे स्क्रू आवळले, कडीचा खाचा सरकवला, कडेला रबरी पट्टी लावली. त्यानंतर संवेदनशीलता पूर्वीइतकी वाढवूनही तिथून तक्रार आली नाही. तेव्हापासून मी पिशवीतून आधी पेचकस काढतो, सेन्सर नंतर.

सेन्सर नेमका कुठे लावायचा?

हल्ला जिथे होण्याचा संभव जास्त, त्या जागेच्या जवळ आणि कंपन चांगलं वाहणाऱ्या घट्ट भागावर. सामान्यतः ही जागा म्हणजे न हलणारी चौकट, कडी किंवा कुलूप ज्या बाजूला आहे ती बाजू. उचकटण्यासाठी पहार तिथेच घातली जाते. जोड-सेन्सर असेल तर सेन्सर चौकटीवर आणि चुंबक झडपेवर. दोघांमधलं अंतर किती चालेल ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आणि खुणेच्या बाजू समोरासमोर आल्या पाहिजेत.

कंपन अखंड लाकडातून किंवा धातूतून छान जातं, सांध्यापाशी अडखळतं. दोन वेगळ्या चौकटी शेजारी शेजारी बसवलेल्या असतील तर एकीवरचा सेन्सर दुसरीची राखण करेल असं गृहीत धरू नका. दोन झडपांच्या मध्ये एकच उभा दांडा असेल तर मात्र त्या दांड्यावर बसवलेला एक सेन्सर दोन्हीकडचं काम करू शकतो, अर्थात चाचणीत दोन्हीकडून तो बोलला तर. विटा-काँक्रीटच्या भिंतीवर लावलेल्या सेन्सरचा आवाका लाकडी चौकटीवरच्यापेक्षा कमी असतो. प्लास्टरच्या पोकळ फळीवर तर तो लावूच नये.

काही जागा टाळायच्या. पडद्याचा दांडा किंवा कड्या आपटतात ती. सरकत्या खिडकीची झडप येऊन धडकते ती. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लागेल इतकी खालची. उन्हाने चटके बसण्याइतकी तापणारी. आणि काचेच्या तळाशी जिथे दमट हवेत पाणी साचतं ती.

काचेवरच चिकटवू का, असंही विचारतात. मॅन्युअलमध्ये स्पष्ट परवानगी असेल तरच. बहुतेक घरगुती शॉक सेन्सर चौकटीसाठी बनवलेले असतात.

सेन्सर उभा की आडवा, हे चिप असलेल्या सेन्सरमध्ये बहुधा चालून जातं, पण आत हलतं वजन असलेल्या सेन्सरवर बाण काढलेला असतो आणि तो पाळावाच लागतो.

स्क्रू की डबल साइड टेप?

जिथे स्क्रू मारता येतो तिथे स्क्रू. सेन्सर आणि चौकट यांच्यामध्ये जे काही मऊ असतं ते कंपन खातं, आणि जाड फोमची टेप म्हणजे मुद्दाम घातलेली उशीच. लाकडी चौकटीला आधी बारीक भोक पाडून घ्या, म्हणजे लाकूड चिरत नाही. स्क्रू आवळताना तळपट्टी वाकणार नाही एवढीच ताकद लावा. वाकली तर झाकण नीट बसत नाही आणि मागचा टॅम्पर स्विच (सेन्सर उघडला किंवा उपटला तर इशारा देणारी कळ) त्रास देतो.

यूपीव्हीसी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांत भोक पाडण्याआधी थांबा. त्यांच्या आत पाणी निघून जाण्याचे मार्ग असतात, काचेची कड असते, आणि भोक पाडल्यावर खिडकीची वॉरंटी जाऊ शकते. तिथे टेपच योग्य. मात्र सेन्सरबरोबर आलेली किंवा तशीच पातळ, कडक अ‍ॅक्रिलिक टेप घ्या, स्टेशनरीच्या दुकानातली फुगीर फोमची नको.

टेप लावताना घाई नडते. चौकट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. साबणाच्या पाण्याने पुसलं तर थर मागे राहतो. टेप लावल्यावर अर्धा मिनिट अंगठ्याने जोर देऊन दाबा. या जातीच्या टेपची पकड सामान्य तापमानाला २० मिनिटांत साधारण निम्मी, २४ तासांत ९० टक्क्यांच्या आसपास, आणि ७२ तासांत पूर्ण येते. त्यामुळे आज टेपने लावला तर संवेदनशीलतेची पक्की जुळणी तीन दिवसांनी करा. गारठ्यात, १० अंश सेल्सिअसच्या खाली, टेप नीट धरतच नाही. आधी चौकट हेअर ड्रायरने कोमट करून घ्या.

पॅनेलला जोडताना कोणती सेटिंग करायची?

आधी सेन्सर पॅनेलजवळ टेबलावर ठेवून जोडा, मग खिडकीपाशी न्या. शिडीवर उभं राहून अनुक्रमांक वाचण्याचा प्रसंग टळतो. काही पॅनेलमध्ये अनुक्रमांक टाकायचा असतो, काहींत क्यूआर कोड दाखवायचा, तर काहींत पॅनेल शिकण्याच्या अवस्थेत ठेवून सेन्सरचा टॅम्पर दाबायचा. जोड-सेन्सर असेल तर शॉक आणि मॅग्नेट यांचे दोन वेगळे झोन करा. रात्री अलार्म वाजला तेव्हा खिडकी उघडली गेली की नुसता धक्का बसला, हे लगेच कळायला हवं.

झोनचा प्रकार घराच्या कडेचा, म्हणजे पेरिमीटर, आणि तत्काळ वाजणारा ठेवा. दारातून आत आल्यावर अलार्म बंद करायला मिळते तशी ३०-४५ सेकंदांची सवलत खिडकीवरच्या दणक्याला द्यायचं कारण नाही. घरात माणसं असतानाच्या मोडमध्ये, ज्याला बऱ्याच पॅनेलवर ‘स्टे’ किंवा ‘नाइट’ म्हणतात, हा झोन चालू राहतो ना, ते खात्रीने पाहा. तो त्या मोडमधून वगळला गेला तर सेन्सर घेतल्याचा निम्मा उपयोग गेला.

झोनला नाव देताना ‘खिडकी ३’ असं लिहू नका. ‘स्वयंपाकघर, मागची खिडकी’ असं लिहा. मध्यरात्री झोपेतून उठलेल्या माणसाला आकडे आठवत नाहीत.

संवेदनशीलता किती ठेवायची?

ठरलेला आकडा नाही, कारण प्रत्येक चौकट वेगळी. पद्धत मात्र ठरलेली आहे: सर्वात खालून सुरुवात करा आणि चढत जा. उलटं केलं, म्हणजे कमाल ठेवून त्रास झाला की उतरवत गेलं, तर तुमचं सगळं लक्ष खोटे अलार्म थांबवण्याकडे जातं आणि खरा दणका ओळखला जातो का हे तपासायचं राहून जातं.

बऱ्याच सेन्सरमध्ये दोन वेगळ्या सेटिंग असतात, आणि त्या एकच समजल्या जातात. पहिली म्हणजे एकाच जोरदार आघाताची मर्यादा: इतका मोठा दणका बसला की मोजत न बसता अलार्म. दुसरी म्हणजे लहान ठोक्यांची मोजणी: ठरावीक वेळेत, समजा ३० सेकंदांत, किती ठोके बसले तर अलार्म. दगड मारून काच फोडणाऱ्याला पहिली पकडते. पटाशी घालून हळूहळू झडप उचकटणाऱ्याला दुसरी. चेंडू एकदाच लागतो, पक्षी एकदाच धडकतो. म्हणून मोजणी १ वर न ठेवता ३-४ ठोक्यांवर ठेवली की किरकोळ कारणांनी वाजणं पुष्कळ कमी होतं.

सेन्सरवरचा छोटा स्क्रू, लहान स्विचची ओळ किंवा मोबाइल अ‍ॅप, जे असेल ते एका पायरीने वाढवा. दर पायरीला खिडकीच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यावर मुठीच्या मऊ बाजूने ठोका. त्या कोपऱ्यातला मध्यम ठोका ओळखला गेला की एक पायरीही पुढे जाऊ नका. मग हलक्या टिचकीने, खिडकीजवळून दाणदाण चालून, शेजारचं दार आपटून पाहा. त्यांनी सेन्सर हलता कामा नये. दोन्ही गोष्टी एकत्र जमतच नसतील तर दोष बहुधा सेटिंगमध्ये नसून जागेत किंवा सैल चौकटीत असतो.

चाचणी करताना काय काळजी घ्यावी?

पॅनेल चाचणीच्या मोडमध्ये ठेवा. अलार्म एखाद्या निरीक्षण केंद्राला जोडलेला असेल तर आधी त्यांना फोन करून कळवा. शेजाऱ्यांनाही सांगितलं तर बरं.

हातोडी वापरू नका, काचेवर ठोकू नका. पेचकसाच्या प्लॅस्टिकच्या मुठीने चौकटीवर ठोकणं पुरेसं असतं. सेन्सरवरचा दिवा लागला एवढ्यावर समाधान मानू नका. दिवा म्हणजे सेन्सरला कळलं. पॅनेलला कळलं का, हे पॅनेलवरच दिसतं. दोघांमध्ये रेडिओचा रस्ता आहे आणि तो तुटू शकतो.

नंतर ऋतू बदलला की पुन्हा तपासा. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, आणि पावसाळ्यात गच्च बसणारी झडप उन्हाळ्यात खडखडू शकते.

विनाकारण अलार्म वाजतो. सेन्सर खराब आहे का?

क्वचितच. सेन्सर बदलण्याआधी पॅनेलची नोंदवही उघडा आणि वेळा पाहा. नोंदींमधला ठसा बहुतेक वेळा कारण सांगून जातो. रोज ठरावीक वेळेला वाजत असेल तर जवळून जाणारी रेल्वे, कचऱ्याची गाडी किंवा सुरू होणारा पंप शोधा. वारा-पावसाच्या दिवशीच वाजत असेल तर झडप सैल आहे किंवा एखादी फांदी काचेवर घासते आहे. ऊन चढताना किंवा संध्याकाळी गार होताना वाजत असेल तर धातूची चौकट प्रसरण-आकुंचनाने कटकन आवाज करते. एकाच वेळी तीन-चार खिडक्यांनी अलार्म दिला तर ढगांचा गडगडाट, फटाका किंवा जवळच चाललेलं तोडकाम.

कारण सापडलं की ते दूर करा. दूर करता येण्यासारखं नसेल तर ठोक्यांची मोजणी वाढवा. तेही पुरलं नाही तर सेन्सरची जागा बदला. संवेदनशीलता कमी करणं मी मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण त्याची किंमत खऱ्या चोरीच्या वेळी मोजावी लागते. काही पॅनेलमध्ये दोन सेन्सरनी थोड्या अंतराने दुजोरा दिला तरच सायरन वाजवण्याची सोय असते. सतत हादरणाऱ्या रस्त्याकडेच्या घरात ती उपयोगी पडते.

मुख्य दाराला शॉक सेन्सर लावावा का?

विचार करून. मुख्य दारावर पाहुणे टकटक करतात, मुलं थापा मारतात, कुरिअरवाला पार्सल टेकवतो. रोज वापराच्या दाराला मॅग्नेटिक सेन्सर आणि चांगलं कुलूप ही जोडी मला जास्त पटते. तरीही लावायचाच असेल तर फक्त मोठ्या आघातावर ठेवा, लहान ठोक्यांची मोजणी बंद करा. आणि लक्षात असू द्या, घरात शिरताना मिळणारी सवलत मॅग्नेटच्या झोनला आहे. शॉकचा झोन तत्काळ असेल तर अडकलेलं दार खांद्याने ढकलून आत येणाऱ्या घरच्या माणसावरही तो वाजेल. मागचं, क्वचित उघडणारं दार ही मात्र या सेन्सरसाठी उत्तम जागा आहे.

लोखंडी दारावर किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर सिग्नल पोचेल का?

कंपन छान पोचतं, रेडिओ अडतो. धातूला चिकटून बसलेल्या अँटेनाची ताकद घटते, आणि सेन्सर व पॅनेल यांच्यामध्ये धातूचा पत्रा आला तर आणखी. उष्णता अडवणारी धातूचा पातळ थर दिलेली काचही सिग्नल कमी करते. टेपवरचा कागद काढण्याआधी सेन्सर हाताने त्या जागी धरा आणि पॅनेलवर सिग्नलची पातळी पाहा. कमी असेल तर चार-पाच सेंटीमीटर वर-खाली सरकवा. एवढ्यानेही कधी कधी मोठा फरक पडतो. नाहीच जमलं तर पॅनेलची जागा बदलणं किंवा मध्ये रिपीटर, म्हणजे सिग्नल घेऊन पुढे पाठवणारी डबी, बसवणं, हे दोन मार्ग उरतात. घराची सगळी दारं बंद असताना मोजा. रात्री ती तशीच असणार आहेत.

बॅटरी किती टिकते आणि कशी बदलायची?

सामान्य वापरात तीन ते पाच वर्षं. सीआर१२३ए हा ३ व्होल्टचा लिथियम सेल किंवा सीआर२४५० सारखी चपटी बॅटरी बऱ्याच सेन्सरमध्ये असते. रोज शंभर वेळा हादरणाऱ्या चौकटीवर ती लवकर संपते, कारण प्रत्येक संदेशाला वीज लागते.

बदलताना पॅनेल चाचणी किंवा सर्व्हिस मोडमध्ये टाका, नाहीतर झाकण उघडताच टॅम्परचा अलार्म होईल. जुनी बॅटरी काढल्यावर थोडं थांबा आणि टॅम्पर दोन-तीनदा दाबा, म्हणजे आत उरलेला भार निघून जातो. मगच नवी घाला. धन-ऋण टोकं तपासा. दोन सेल लागत असतील तर दोन्ही एकाच वेळी, एकाच प्रकारचे. लिथियम लिहिलेलं असेल तिथे अल्कलाइन घालू नका. ‘बॅटरी कमी’ असा इशारा आला की त्याच आठवड्यात बदला. बदलल्यावर एकदा ठोकून पाहा.

चोराने रेडिओ सिग्नलच अडवला तर?

भीती रास्त आहे. सेन्सर ठरावीक काळाने पॅनेलला ‘मी आहे’ असा संदेश पाठवत असतो. काही काळ तो आला नाही की पॅनेल तक्रार दाखवतं. हा काळ काही प्रणालींत मिनिटांचा, काहींत १२ किंवा २४ तासांचा असतो, आणि बऱ्याचदा सेटिंगमध्ये तो कमी करता येतो. चांगली पॅनेल त्यांच्या फ्रिक्वेन्सीवर सततचा गोंगाट दिसला तर लगेच इशारा देतात. ही सोय कारखान्यातून बंद असू शकते, ती चालू करा.

एकेरी सेन्सर फक्त पाठवतो, पॅनेलने ऐकलं की नाही हे त्याला कळत नाही, म्हणून तो तोच संदेश अनेकदा पाठवतो. दुहेरी सेन्सर पोच मिळेपर्यंत प्रयत्न करतो. नवी प्रणाली घेत असाल तर दुहेरी आणि एन्क्रिप्शन असलेलीच घ्या.

भाड्याच्या घरात लावता येईल का?

हो, टेपने. घर सोडताना सेन्सर ओढून काढू नका, रंगाचा पोपडा निघतो. मासे पकडायची दोरी किंवा दात साफ करायचा फ्लॉस सेन्सरमागे घालून करवतीसारखा ओढा. उरलेली टेप हेअर ड्रायरने कोमट करून बोटाने गुंडाळत काढा.

घराबाहेरून लावला तर चोर लवकर कळेल ना?

घरगुती सेन्सर पावसापाण्यासाठी बनवलेले नसतात, आणि बाहेरचा सेन्सर चोराच्या हाताला लागतो. आतूनच लावा.

खिडक्यांना रंग द्यायचा आहे. सेन्सरचं काय?

काढून ठेवा. त्याच्यावर रंग बसला तर झाकण आणि टॅम्पर चिकटतात. रंग पूर्ण वाळल्यावर, कोवळ्या रंगावर नव्हे, नवीन टेपने लावा आणि जुळणी पहिल्यापासून करा.

सगळ्या खिडक्यांना घेणं परवडत नाही. सुरुवात कुठून करू?

घराबाहेर जाऊन चारही बाजूंनी फिरा. रस्त्यावरून न दिसणारी, जमिनीवरून किंवा पाण्याच्या पाइपवरून, शेडच्या छतावरून हात पोचेल अशी खिडकी कोणती? पहिला सेन्सर तिला. त्यानंतर मागचं दार. रस्त्याच्या तोंडावरची, दिव्याखालची खिडकी शेवटी. वरच्या मजल्यावरची, खाली आधार नसलेली खिडकी यादीतून काढली तरी चालेल. आधी दोनच बसवा, महिनाभर त्यांच्या नोंदी बघा, चौकटी कशा वागतात ते कळू द्या. पुढच्या सेन्सरची जागा आणि सेटिंग तुम्हाला त्यातून बरीचशी समजलेली असेल.

झाकण लावलं तरी पॅनेल ‘टॅम्पर उघडा’ दाखवतं. काय करू?

झाकण पुन्हा काढा. बहुतेक वेळा तळपट्टी स्क्रूने वाकलेली असते, किंवा खडबडीत भिंतीमुळे मागच्या टॅम्परची कळ पूर्ण दाबली जात नाही. स्क्रू अर्धा फेरा सैल करा, किंवा कळीच्या मागच्या खळग्यात प्लॅस्टिकचा पातळ तुकडा बसवा. जोडलेला स्प्रिंग वाकडा झाला असेल तर सरळ करा. तरीही इशारा जात नसेल तर बॅटरी काढून घाला आणि पॅनेलवर अलार्म एकदा चालू करून बंद करा (आर्म-डिसआर्म); काही पॅनेल जुना इशारा त्याशिवाय पुसतच नाहीत.